शेजारच्या आजोबांच्या खोक्यातले शंख

खिडकीपाशी :

नमस्कार मंडळी. लेकीकडे हवाईतल्या होनोलुलूला येऊन दीड महिना झाला. ती दोघं कामावर, नातू बालवाडीत, त्यामुळे दुपारभर मी आणि ही खिडकी. खिडकीतून कोओलाऊ डोंगराची धार दिसते. तिच्यावर कायम एखादा ढग अडकलेला.

शेजारी एक आजोबा राहतात, ऐंशीच्या पुढचे. परवा त्यांनी हाक मारून घरात बोलावलं आणि कपाटातून एक लाकडी खोकं काढलं. आत पुठ्ठ्याचे काड्यापेटीएवढे कप्पे, प्रत्येकात कापूस आणि कापसावर शंख. मला वाटलं, किनाऱ्यावर वेचलेले असतील. आजोबा हसले आणि त्यांनी डोंगराकडे बोट केलं. म्हणाले, हे झाडावरचे. त्यांच्या वडिलांनी शाळकरी वयात गोळा केलेले.

काय सांगू तुम्हाला! बोटाच्या पेराहूनही लहान, पण चकाकी अशी की आत्ताच कुणी लाख चढवली असावी. एक कॉफीच्या रंगाचा, कमरेला पांढरा पट्टा. एक कच्च्या पेरूसारखा हिरवट. एक पिवळा, त्यावर टाकाने ओढावी तशी बारीक काळी रेघ. काहींचं तोंड उजवीकडे, काहींचं डावीकडे. आणि प्रत्येक कप्प्यात एक चिठ्ठी. पेन्सिलीने दरीचं नाव आणि साल लिहिलेलं. नुउआनू १९११, पालोलो १९१२, अशा. आजोबा म्हणतात, हे सगळे प्रकार याच बेटावरचे, जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

आता माझे प्रश्न. गाडीने दिवसभरात जिची फेरी होते त्या ओआहू बेटावर एवढे प्रकार झाले कसे? लेकीच्या परसात मुठीएवढ्या तपकिरी गोगलगाई रात्री येऊन कोवळी रोपं फस्त करतात, त्या यांच्याच नात्यातल्या का? आणि आजोबांनी दोन शंख मला भेट दिलेत. परत येताना बॅगेत घातले तर चालतील ना?

टिवल्याबावल्या :

गोगलगाय आणि पोटात पाय, यापलीकडे आमचं ज्ञान जात नाही. शाळेत 'उदरपाद' हा शब्द भेटला तेव्हा कळलं की म्हण चांगली शास्त्रशुद्ध आहे. बाकी जाणकार सांगतीलच. मी खुर्ची ओढून बसलोय.

ओलं_पान :

काकू, तिसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण तिथे घाई आहे. ते शंख बॅगेत घालू नका. या गटाचं नाव अकातिनेला. अमेरिकी सरकारने १९८१ मध्ये हा गट सबंधच्या सबंध, म्हणजे त्यातल्या ४१ जाती एका फटक्यात, संकटग्रस्त म्हणून जाहीर केला. विकणं तर सोडाच, परवान्याशिवाय देशाबाहेर नेणंही गुन्हा आहे. आजोबांनी प्रेमाने दिलेत, प्रेमानेच परत करा. आणि परत करताना कोणत्या कप्प्यातून काढले होते ते विचारून त्याच कप्प्यात ठेवा. का, ते पुढे सांगते.

परसातल्या मुठीएवढ्या बाया वेगळ्या. त्या आफ्रिकी गोगलगाई, हवाईत आल्या १९३६ मध्ये, माणसांनी आणल्या म्हणून. शास्त्रीय नाव अकातिना, आणि आपल्या झाडावरच्या त्या अकातिनेला, म्हणजे 'छोटी अकातिना'. नाव देणाऱ्याला शंखाचा आकार तसा वाटला असेल, पण दोघींची कुळं वेगळी आहेत. आडनावबंधू म्हणा, भाऊबंद नव्हेत. आणि त्या आफ्रिकीला उघड्या हाताने अजिबात उचलू नका. तिथल्या उंदरांच्या फुप्फुसातल्या एका जंताची पिल्लं अशा गोगलगाईंच्या अंगात असतात. ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. परसातली पालेभाजी खाणार असाल तर एकेक पान वाहत्या पाण्याखाली उलटं-सुलटं करून धुवा. नातवाला तर सक्त ताकीद.

आता पहिला प्रश्न, म्हणजे माझा आवडता.

मी तिथेच, होनोलुलूतल्या मानोआच्या विद्यापीठात दोन वर्षं होते. विषय संख्याशास्त्र, गोगलगाईंशी सुतराम संबंध नाही. पण आवारातच एक प्रयोगशाळा होती, तिथे या झाडावरच्या गोगलगाई सांभाळत, आणि शनिवारी त्यांचे डबे साफ करायचं काम मला मिळालं. वाणसामानाचा खर्च सुटायचा. फ्रिजसारखी कपाटं, आतलं हवामान डोंगरातल्यासारखं गार आणि दमट ठेवलेलं, आणि कपाटात पारदर्शक डबे. प्रत्येक डब्यात ओहिया झाडाच्या डहाळ्या. दर दोन आठवड्यांनी जुन्या डहाळ्या काढून ताज्या घालायच्या. ऐकायला दहा मिनिटांचं काम वाटतं ना? एका डब्याला तास जायचा. कारण या गोगलगाई अंडी घालत नाहीत, थेट पिल्लू देतात, तेही एका वेळी एकच. ते जेमतेम साडेचार मिलिमीटरचं असतं आणि पानाच्या मागे शिरेला चिकटून बसतं. म्हणून टाकायचं प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी बघायचं, मग तेच पान दुसरीने बघायचं, मग मोजदाद. कागदावर बावीस आणि हातात एकवीस असं झालं की कचऱ्याच्या पिशवीतली सगळी पानं पुन्हा टेबलावर.

त्या पानं खात नाहीत, हे तिथे पहिल्यांदा कळलं. पानावर बुरशीचा आणि शेवाळाचा जो बारीक थर धरतो तो रात्री खरवडून खातात. झाडाला ओरखडाही नाही, उलट पान पुसून मिळतं. प्रयोगशाळेत डहाळ्यांच्या जोडीला काचेच्या चपट्या बशीत बुरशी वाढवून द्यायचो, काळपट मखमलीसारखी. दुसऱ्या दिवशी त्या मखमलीवर नागमोडी रस्ते पडलेले असायचे.

आणि हलतात किती? जवळजवळ नाहीच. दिवसा पानामागे किंवा खोडावर चिकटून झोप. रात्री थोडं फिरणं, तेही त्याच झाडावर. जंगलातली गोगलगाय ज्या झाडावर जन्मली त्याच झाडावर किंवा शेजारच्या झुडपावर म्हातारी होणार. तुमच्या खिडकीतून दिसणारी ती धार, तिला दोन्ही अंगांनी किती दऱ्या आहेत ते बघा. पश्चिमेला वायानाए ही दुसरी डोंगररांग, तिच्या दऱ्या निराळ्या. मध्ये सखल, कोरडं पठार. कधीतरी वाऱ्याने उडालेल्या पानाबरोबर एखादी गोगलगाय पलीकडच्या दरीत जाऊन पडली असेल, तर परतीची वाट संपली. पुढची हजारो वर्षं तिचा वंश तिथेच. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. इथे एक धार ओलांडली की गोगलगाय बदलते.

बदलते ती का, यात संख्याशास्त्रवाल्यांना मजा आहे. दहादा नाणं उडवून सातदा छापा आला तर कुणी भुवई उंचावत नाही. हजारदा उडवून सातशेदा आला तर नाणं तपासायला घ्यावं. लहान वस्ती म्हणजे थोड्या वेळा उडवलेलं नाणं. मूठभर गोगलगाईंत योगायोगाने पिवळ्यांना पोरं जास्त झाली की चार पिढ्यांत दरी पिवळी, त्यात पिवळेपणाचा काही फायदा असायलाच हवा असं नाही.

आणि हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? तुमच्या आजोबांच्या वडिलांसारख्याच एका शंखवेड्या पोराच्या. जॉन थॉमस ग्युलिक. मिशनऱ्याचा मुलगा, जन्म १८३२ चा, शेजारच्या काउआई बेटावरचा. त्या काळी होनोलुलूच्या गोऱ्या पोरांना शंख जमवायचा ज्वर चढला होता. इतर पोरं शंख मोजत बसली, हा प्रत्येक शंख कुठल्या दरीतला ते लिहीत गेला. त्याला दिसलं की शेजारशेजारच्या दोन दऱ्यांत पाऊस तोच, झाडं तीच, खाणारे पक्षी तेच, आणि गोगलगाई मात्र निराळ्या. मग परिस्थितीने घडवलं म्हणावं तर ते कसं? नुसतं वेगळं पडणं हेच कारण असू शकतं, असं त्याचं म्हणणं. त्यावरचा लेख १८७२ मध्ये छापून आला आणि त्याच वर्षी तो डार्विनला प्रत्यक्ष भेटला. पोटापाण्यासाठी पुढे चीन आणि जपानात धर्मप्रचार करत होता, पण शंखांनी त्याला शेवटपर्यंत सोडलं नाही.

म्हणून म्हणते काकू, त्या खोक्यातली खरी दौलत चिठ्ठ्यांत आहे. चिठ्ठीशिवाय तो नुसता सुंदर शंख. चिठ्ठीसकट तो पत्ता आहे. शंभर वर्षांपूर्वी पालोलोच्या दरीत कोण राहत होतं, त्याचा.

शंकासुर :

छान लिहिलंय, पण एक खटकतं. रंग निराळा म्हणून जात निराळी, हे कसं? एका मांजरीची चार पिल्लं चार रंगांची होतात, आपण चार जाती मोजतो का? ४१ हा आकडा मला तिकिटं जमवणाऱ्यांनी काढलेला वाटतो. पट्टा दिसला, नाव दे.

ओलं_पान :

निम्मं बरोबर बोललात. एकोणिसाव्या शतकात पट्ट्यापट्ट्याला नाव द्यायची हौस होतीच, आणि ती नावं कितीतरी जास्त होती. पिल्सब्री आणि कुक या दोघा शंखतज्ज्ञांनी १९१२ ते १९१४ च्या दरम्यान बसून ती चाळली, तेव्हा कुठे ४१ वर गाडी थांबली. तीही मुख्यतः शंख बघूनच ठरवलेली. काही जातींत तर एकाच झाडावर पट्टेवाल्या आणि बिनपट्ट्याच्या शेजारी बसलेल्या असतात. काहींत एकीचा शंख डावा, दुसरीचा उजवा. तेव्हा मांजरीचा दाखला अगदीच गैरलागू नाही.

पण उरलेलं निम्मं तुमच्यावरच उलटतं. वायानाए रांगेत अकातिनेला मुस्टेलिना नावाची जात आहे, तपकिरी-पांढरी, माझ्या डब्यांत जास्त याच असायच्या. २००२ मध्ये हॉलंड आणि हॅडफील्ड या संशोधकांनी तिच्या निरनिराळ्या ठिकाणच्या वस्त्यांची जनुकं तपासली. एक रांग, एक जात, आणि निघाले सहा स्वतंत्र गट, एकमेकांपासून इतके दुरावलेले की सांभाळायचं तर सहाही वेगवेगळे सांभाळायला हवेत. म्हणजे डोळ्यांनी मोजलेला आकडा काही ठिकाणी कमीच पडला. आमच्याकडे म्हणूनच डब्यांवर जातीचं नाव पुरत नसे, कुठल्या डोंगरसोंडेवरची तेही लिहिलेलं असे. एकदा मी दोन डब्यांची झाकणं अदलाबदल केली, नुसती झाकणं, आतल्या गोगलगाई नव्हे, आणि जे ऐकून घेतलं ते आजही आठवतं.

पायवाट :

आहे-होतं असं दोन्ही काळांत लिहिताय, म्हणून विचारतो. आता उरल्यात किती? आणि गेल्या त्या कुणामुळे, शंख जमवणाऱ्यांमुळेच का?

ओलं_पान :

जमवणाऱ्यांचा हात आहेच. एकेकाने हजारोंनी नेले, ग्युलिकनेही. खालच्या उतारांवरचं जंगल आधी गुराढोरांनी आणि मग शेतीने गेलं. जहाजांतून आलेले उंदीर शंख कुरतडून आतली गोगलगाय खातात. पण शेवटचा घाव सरकारी खात्याने घातला, तोही सद्भावनेने.

परसातली ती आफ्रिकी फोफावली तेव्हा हवाईच्या शेतीखात्याने तिच्यावर उतारा म्हणून १९५५ मध्ये फ्लोरिडाहून दुसरी गोगलगाय आणून सोडली. युग्लांडिना. हिला लांडगी गोगलगाय म्हणतात. गुलाबी-तपकिरी, निमुळता शंख, आणि गोगलगाईच्या मानाने धावतेच म्हणायची. ओठांच्या दोन्ही बाजूंना मिशांसारखे लोंबते भाग असतात. त्यांनी दुसऱ्या गोगलगाईच्या चिकट वाटेचा माग काढते, त्या वाटेवरून थेट झाडावर चढते, आणि लहान गोगलगाय असेल तर शंखासकट गिळते. टिवल्याबावल्या, तुमची म्हण हिच्यासाठीच असावी. आफ्रिकीचा बंदोबस्त झाला नाही, ती काकूंच्या परसात आजही जेवतेय. एका वेळी शेकड्याने अंडी घालणारीला काय फरक पडतो? बळी गेल्या त्या झाडावरच्या.

कारण हिशेबच बसत नाही. मुस्टेलिनाचं पिल्लू वर्षाला साधारण दोन मिलिमीटर वाढतं. वयात यायला पाच-सात वर्षं. मग वर्षाला मोजकी पिल्लं, एकेक करून. खाणारा कुणी नसलेल्या झाडावर हा संसार आरामात चालतो, कारण आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं. पण लांडगी एका रात्रीत जे खाते ते भरून निघायला दहा वर्षं लागतात. हॅडफील्ड सत्तरच्या दशकात वायानाएतल्या एका ठिकाणी शंखांवर खुणा करून एकेक गोगलगाय वर्षानुवर्षं मोजत होते. १९७९ मध्ये लांडगी तिथे पोचली आणि ती वस्ती संपली. मोजदाद करणाऱ्या माणसासमोर शून्य येणं काय असतं ते मला आकड्यांच्या धंद्यातली म्हणून जरा जास्त कळतं.

आणि धडा घेतला म्हणाल तर तेही नाही. हीच लांडगी १९७७ मध्ये ताहितीजवळच्या मूरिया बेटावर याच कामासाठी सोडली. तिथल्या झाडावरच्या गोगलगाईंचंही तेच झालं.

४१ पैकी निम्म्याहून जास्त जाती आता नाहीशा झाल्या असं मानतात. उरलेल्यांपैकी बऱ्याच प्रयोगशाळेत किंवा कुंपणात.

एकीचं सांगते. अकातिनेला आपेक्सफुल्वा, म्हणजे पिवळ्या टोकाची. हवाईतली शास्त्राच्या दप्तरी नोंद झालेली ही पहिली भूचर, म्हणजे पाण्याबाहेर राहणारी, गोगलगाय, १७८९ ची नोंद. तीही जंगलात बघून नव्हे. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन डिक्सनच्या हाती या शंखांची एक माळ लागली होती, तिच्यातला शंख. म्हणजे तेव्हा इतक्या होत्या की माळा ओवत. १९९७ मध्ये शिल्लक राहिलेल्या दहा गोगलगाई जंगलातून उचलून प्रयोगशाळेत आणल्या. त्यांना पिल्लं झाली, मग एकेक करत सगळी मेली. माझ्या वेळी त्या डब्यात एकच होती. नाव जॉर्ज. गालापागोसच्या एकट्या राहिलेल्या कासवावरून ठेवलेलं. जॉर्ज म्हटलं तरी तो-ती दोन्ही, या गोगलगाई उभयलिंगी असतात, पण पिल्लासाठी जोडीदार लागतोच.

जॉर्जचा डबा माझ्याकडे दोन-तीनदाच आला असेल. मोजदादीच्या रकान्यात १ लिहायचा. तरीही नियमाप्रमाणे सगळी पानं दोन्ही बाजूंनी बघायची, दोघींनी. मी पहिल्यांदा विचारलं, याला एकट्याला पिल्लू कुठून होणार? तिथल्या ताईंनी मान वर न करता सांगितलं, बघ तू. मी बघितली.

२०१७ मध्ये जॉर्जच्या पायाचा दोन मिलिमीटरचा तुकडा काढून सॅन डिएगोला गोठवून ठेवायला पाठवला. १ जानेवारी २०१९ ला जॉर्ज गेला, चौदाएक वर्षांचा होऊन. मी तेव्हा तिथून कधीच बाहेर पडले होते. बातमी फोनवर वाचली आणि ऑफिसात कुणाला सांगावं ते कळेना. गोगलगाय मेली म्हणून सांगायचं?

टिवल्याबावल्या :

आम्हाला सांगितलंत ते बरं केलंत. हसायला आलो होतो या धाग्यावर.

ते कुंपणाचं काय म्हणालात? गोगलगाय कुंपणाने अडते?

ओलं_पान :

साधीने नाही अडत. म्हणून हे कुंपण म्हणजे छोटा किल्लाच आहे. डोंगरात जंगलाचा एक तुकडा निवडायचा, भोवती गुळगुळीत भिंत, वरचा काठ उंदरांना चढता येऊ नये असा बाहेर वळवलेला. त्याखाली लांडगीसाठी अडथळ्यांची रांग. खाली वाकवलेली पट्टी, कापलेल्या तांब्याच्या जाळीची टोकं, आणि हलका झटका देणारी विजेची तार. आतल्या लांडग्या पालापाचोळा चाळून एकेक वेचून काढायच्या, मगच गोगलगाई आत सोडायच्या. एक तार तुटली किंवा बाहेरची फांदी भिंतीवर टेकली की संपलं, म्हणून सतत राखण. हे काम तिथे राज्य सरकारची गोगलगाई वाचवणारी तुकडी करते आणि, ऐकून गंमत वाटेल, अमेरिकी लष्करही. त्यांच्या सरावाच्या जमिनींवर या गोगलगाई निघाल्या, कायद्याने त्यांची जबाबदारी आली, आणि आता लष्कराच्या पगारावर माणसं डोंगरात गोगलगाई मोजतात. जगातल्या सगळ्या लष्करांना असंच एखादं काम लावावं असं माझं मत आहे.

आणि काकू, आजोबांना एक विचारा. जुने हवाईयन लोक यांना काहुली म्हणतात, आणि या गोगलगाई रात्री गातात असं मानतात. त्यांचं दुसरं नावच 'लांब सूर काढणारा शंख' अशा अर्थाचं आहे. जीवशास्त्रवाले म्हणतात, तो आवाज त्याच झाडांवरच्या रातकिड्यांचा. असेल. पण हे स्पष्टीकरण मला आजवर कुणी आनंदाने सांगितलेलं आठवत नाही. त्यांच्या वडिलांनी ऐकलं होतं का, एवढंच हवंय.

खिडकीपाशी :

अगं ओलं पान, तुझं सगळं दोनदा वाचलं, लेकीलाही वाचून दाखवलं. पण माझ्या हातून घोळ झाला आहे, तो आधी सांगते.

काल दोन्ही शंख रुमालात बांधून आजोबांकडे गेले. नातू बरोबर. आजोबांनी खोकं टेबलावर उघडलं, आम्ही कोणता कप्पा ते आठवत होतो, तेवढ्यात आमच्या बाळराजांनी खोक्याच्या कडेला धरून उंच व्हायचा प्रयत्न केला. दोन कप्पे सतरंजीवर पालथे. चिठ्ठ्या एकीकडे, शंख एकीकडे, आणि माझे दोन जमेस धरून एकूण तेरा. एकही फुटला नाही, पण कुठला कुठून आला ते कुणालाच सांगता येईना. आजोबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. मघाशी मला 'खरी दौलत चिठ्ठ्यांत' वाचून रडू आलं.

आता काय करू? अंदाजाने वाटून टाकू का?

ओलं_पान :

काकू, रडू नका, आणि अंदाजाने तर अजिबात वाटू नका. चुकीचा पत्ता हा पत्ता नसण्यापेक्षा वाईट. पत्ता नाही म्हटलं की पुढचा माणूस सावध राहतो.

पहिल्या दिवशी तुम्ही फोटो काढला होतात का? काढला असेल तर तो मोठा करून बघा. आधी तोंड कुठल्या बाजूला ते. शंखाचं टोक वर, तोंड आपल्याकडे, अशा स्थितीत एका रांगेत मांडा आणि डावे-उजवे वेगळे करा. मग पट्टे मोजा, टोकाकडून. एखाद्याला टवका, एखाद्याला डाग, असं काही फोटोत ओळखू येतंय का बघा. ज्याची शंभर टक्के खात्री पटेल तोच आत. घाई नको, एका दुपारी सगळं झालं नाही तरी चालेल. शंख कुठे जात नाहीत, हा त्यांचा मूळ स्वभावच आहे.

आणि आजोबांना सुचवा, सवड असेल तेव्हा सगळ्या कप्प्यांचे चिठ्ठीसकट फोटो काढून ठेवूया म्हणून. पुढेमागे त्यांनी हे खोकं होनोलुलूच्या बिशप म्युझियमला द्यायचं ठरवलं तर तिथे हवाईतल्या शंखांचा मोठा संग्रह आहे, चिठ्ठ्यांची कदर असणारी माणसं आहेत. पण ते त्यांनी ठरवायचं.

शंकासुर :

काकू, मीही एक भर घालतो. फोटो काढताना बाजूला मोजपट्टी ठेवा. मघाची मांजर मी मागे घेतो.

खिडकीपाशी :

फोटो होता! पहिल्या दिवशी भावाला पाठवायला काढला होता, धाग्यात सांगायचं राहिलं. त्यात माझा अंगठा आलाय, पण त्याच्या शेजारी दोन्ही कप्पे बरेचसे स्पष्ट.

आज दुपारी आजोबा आणि मी त्यांच्या टेबलाशी बसलो. त्यांनी भिंग काढलं, मी लेकीचा मोठा संगणक. तू सांगितल्याप्रमाणे टोक वर करून रांग मांडली. एका कप्प्यातले फोटोत दिसणारे सगळे डावे होते, तिथेच सहा सुटले. दुसऱ्यातले पट्ट्यांवरून चार. एकाच्या टोकाला टवका होता, तो आजोबांनी लगेच ओळखला, म्हणाले हा मीच लहानपणी पाडला होता आणि वडिलांचा मार खाल्ला होता. त्यानंतर ते नातवाकडे बघून पहिल्यांदा हसले.

राहिले दोन. उजवे, पिवळसर, एकेक पट्टा. फोटोत नेमके माझ्या अंगठ्याखाली. अर्धा तास भिंगातून बघितलं, मग आजोबांनी एक छोटा लिफाफा काढला, दोन्ही त्यात ठेवले आणि वर पेन्सिलीने लिहायला मला सांगितलं. मी विचारलं, काय लिहू? म्हणाले, जे खरं आहे ते. त्यांना वाचता येणार नाही हे लक्षात यायच्या आधी मी मराठीत लिहूनही टाकलं होतं : 'दोनपैकी एका दरीतले. कुठल्या, ते माहीत नाही.' आजोबांनी अर्थ विचारून घेतला आणि खाली आपल्या अक्षरात इंग्रजीत तेच लिहून तारीख घातली.

गाण्याचं विचारलं ग. वडील सांगायचे म्हणे की ऐकलंय. आजोबांनी स्वतः जंगलात जाऊन दोनदा कान दिला, दोन्ही वेळा पाऊस लागला.